क्वोक सरांची कागदी गाडी

माझा नवरा मिलिंद लोकांना सांगायचा, "सुनेत्रा रिअल इस्टेटमध्ये आहे." हे अगदीच खोटं नव्हतं. मी जागाच विकायचे. फक्त त्या जागा एका माणसाच्या मापाच्या असायच्या, आणि गिऱ्हाईक एकदा राहायला आलं की तक्रार घेऊन परत येत नसे. तक्रारी नातेवाइकांच्या असायच्या आणि त्या ऐकून घेणं हीच माझी नोकरी होती.

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या सेमेटरीच्या ऑफिसातून मी गेल्या वर्षी रिटायर झाले. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक मागे लागले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, लोक फराळ करता करता अंक वाचतात. त्यात दफनभूमी?" ते म्हणाले, "तुम्ही हलकंफुलकं लिहा." तेव्हा वाचकहो, चकलीचं ताट बाजूला सारायची गरज नाही. ज्यांच्याविषयी सांगणार आहे ती माणसं तर कबरीशेजारी सतरंजी टाकून अख्खी कोंबडी खातात.

मी मूळची नाशिकची. तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचे. मिलिंद पुण्याहून आयटीच्या व्हिसावर इकडे आला, त्याच्यामागे मी आले, आणि इथे माझ्या इतिहासाला कुणी विचारेना. शेवटी एक जाहिरात दिसली. कुटुंबांशी संपर्क ठेवणारी व्यक्ती हवी, एवढंच त्यात होतं. कुटुंब कल्याण केंद्र असेल असं समजून मी गेले. तिथे मुलाखतीत विचारलं, "मृत्यूविषयी बोलताना तुम्हाला अवघडल्यासारखं होतं का?" मी म्हटलं, "आमचं घर रामकुंडाच्या वाटेवर आहे. लहानपणी दारावरून रोज कुणी ना कुणी दहाव्याला जाताना दिसायचं. आम्हाला कावळ्यांच्या सवयीसुद्धा माहीत आहेत." कावळ्यांचं त्यांना काही कळलं नाही, पण नोकरी दिली.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जमीन विकत मिळत नाही, तिथे कायमचं राहायचा हक्क मिळतो. एकावर एक दोघं, किंवा शेजारी शेजारी दोघं, असे दोन प्रकार. इटालियन कुटुंबांना संगमरवर लागतो. जुन्या ऑस्ट्रेलियन माणसांना "नो फस, मेट", म्हणजे बडेजाव नको, एवढंच हवं असतं. आणि आपली माणसं? आपण दहन करणारे, त्यामुळे मुळात येतो कमी. त्यातून कुणाचा फोन आलाच तर आवाज खाली आणून, "एका मित्रासाठी विचारतोय हं," अशी सुरुवात. असलं अभद्र आपण तोंडाने उच्चारत नाही.

माझी निम्मी गिऱ्हाइकं चिनी होती. ग्लेन वेव्हर्ली या आमच्या उपनगरात चांगल्या शाळांसाठी घर घ्यायचं आणि आमच्याकडे आजोबांसाठी जागा घ्यायची, हे दोन्ही बेत ती माणसं एकाच शनिवारी उरकत. जिवंतपणी आपली जागा घेऊन ठेवली तर आयुष्य वाढतं, अशी त्यांची समजूत. एक गृहस्थ स्वतःच्या वाढदिवसाला सगळं घर घेऊन आले. केक होता. सून सासऱ्यांना जागेवर उभं करून फोटो काढत होती आणि म्हणत होती, "बाबा, जरा मागे सरका, शेजारच्यांचा दगड येतोय." सासरे हसत हसत मागे सरकले. मी मात्र केकचा तुकडा हातात धरून घाबरून उभी. घरी येऊन मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "जेवताना नको ना."

शाळेत मी मुलांना चीनचे चार मोठे शोध पाठ करायला लावायचे. कागद, छपाई, होकायंत्र आणि बंदुकीची दारू. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. इथे येऊन पाहिलं तर चारही शोध आमच्या सेमेटरीत रोजच्या वापरात. होकायंत्र कबरीची दिशा ठरवायला. कागद आणि छपाई पितरांना पाठवायच्या नोटा, कोट, चपला आणि मोबाइल बनवायला. राहता राहिली बंदुकीची दारू. फटाक्यांना इथे बंदी, म्हणून एक कुटुंब ब्लूटूथ स्पीकर आणून त्यावर फटाक्यांचा आवाज लावतं. पहिल्या वर्षी मी टेबलाखाली गेले होते. इतक्या हजार वर्षांची संस्कृती टिकते कशी, असा प्रश्न मी मुलांना दहा मार्कांना घालायचे. आता कुणी मला विचारलं तर सांगेन, ती स्पीकर घेऊन येते.

आता क्वोक सरांकडे वळते.

क्वोक सर माझे ड्रायव्हिंगचे गुरू. हाँगकाँगहून तरुणपणी आलेले. आमच्या भागात निम्मी जनता त्यांच्याकडे गाडी शिकलेली. छोटी पांढरी गाडी, टपावर पिवळा एल. इथे स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे असतं, त्यामुळे शिकणारा उजवीकडे आणि सर डावीकडे. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक. माझ्या पहिल्या महिन्यात ती गाडी मी चालवली असं म्हणणं धाडसाचं होईल. सर ती थांबवत होते, आणि मधल्या वेळात ती माझ्या हातात होती.

त्यांचं इंग्रजी मोजकं होतं. "सुनी," ते म्हणायचे, कारण सुनेत्रा त्यांच्या जिभेवर बसेना, "मिरर फक्त लिपस्टिकसाठी नाही." राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आला की मी विचारात पडायचे, आधी कोण, उजवीकडचा की समोरचा. सर म्हणायचे, "गिव्ह वे म्हणजे देऊन टाका. विचार घरी करा." स्टॉपच्या पाटीपाशी मी गाडी पूर्ण थांबवायचे नाही, नुसती हळू करायचे. तेव्हा मात्र ते रागावले. "आमची संस्कृती हजारो वर्षं टिकली, कारण कुणी घाई केली नाही. तुम्हाला या पाटीपाशी तीन सेकंद टिकता येत नाही?" रिव्हर्स पार्किंग बरोबर जमलं की मँडरिनची एक फोड मिळायची. ते छोटं संत्रं ते गाडीत बसून फार नीट सोलत. चुकलं तर ती फोड माझ्या देखत स्वतः खात. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, तेव्हा अख्खं फळ हातावर ठेवलं. मला अजून त्याचा अभिमान आहे.

एक गंमत मात्र सगळ्या ग्लेन वेव्हर्लीला ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी सर स्वतः गाडी चालवत नसत. मिसेस क्वोक चालवायच्या. शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये दोघं दिसायची. बुटक्या मिसेस क्वोक उशीवर बसून स्टिअरिंग धरलेल्या, आणि सर डावीकडे, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, उजवा पाय पुढे दाबलेला. त्या घरच्या गाडीत तिथे ब्रेक नव्हताच. सर तरी दाबायचे. मिलिंदही माझ्या शेजारी बसून हेच करतो, पण तो भित्रा म्हणून करतो. सरांचा तो व्यवसाय होता. मिसेस क्वोक मला म्हणाल्या होत्या, "तिथल्या मॅटला भोक पडलंय. तिसरी मॅट आहे."

आणि मग एका सोमवारी मिसेस क्वोक माझ्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या. बरोबर मुलगा केविन, आणि हातात पाटाएवढं लाकडी होकायंत्र घेतलेले एक गृहस्थ. सर झोपेतच गेले होते. इतकी वर्षं रोज परक्यांचं सांत्वन केलं, आणि आपलं माणूस गेल्यावर मी नुसती टिश्यूचा डबा पुढे सरकवत बसले. शेवटी त्यांनीच तो माझ्याकडे परत सरकवला.

होकायंत्रवाल्यांना मी मनात गुरुजी म्हणायचे. आमची त्यांची जुनी ओळख. कबरीच्या पाठीशी टेकडी हवी, समोर मोकळं हवं, आणि मोकळ्यात पाणी हवं, हे त्यांचं शास्त्र. आमच्याकडे पाणी एकच, खालच्या अंगाचं तळं. नकाशात त्याचं नाव पावसाच्या पाण्याचा निचरा साठवण्याची जागा. मी गिऱ्हाइकांना नकाशा दाखवत नसे.

गुरुजींनी तळ्यासमोरची जागा काढली. मिसेस क्वोकनी ती पाहिलीही नाही. त्या चालत चालत वळणावर गेल्या. सेमेटरीतले रस्ते जिथे एकत्र येतात तिथे एक छोटा राउंडअबाउट आहे. त्याच्यासमोरची जागा त्यांनी बोटाने दाखवली. "इथे."

गुरुजी म्हणाले, "समोर रस्ता असणं चांगलं नाही."

"त्यांना करमेल. कोण कसं वळतं ते बघत बसतील."

गुरुजींनी होकायंत्राकडे पाहिलं, मग मिसेस क्वोकच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जाहीर केलं की गोल फिरणारा रस्ता असेल तर शुभ असतो. मोठा समजूतदार माणूस.

जागा शेजारी शेजारी दोघांची घ्यायची होती. एक आता, एक नंतर. आणि तिथेच अडलं. पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे, हा त्यांचा फार जुना दंडक. पण डावं कुणाचं? केविन म्हणाला, समोर उभं राहून पाहणाऱ्याचं. गुरुजी म्हणाले, झोपलेल्याचं. दोघांचा आवाज चढायला लागला. मी मध्यस्थी करावी म्हणून म्हटलं, "आमच्यात तर बायको डावीकडे असते." दोघं एकदम माझ्याकडे वळले. दोघांच्या भांडणात मी उगाच तिसरी संस्कृती घुसवली होती.

मिसेस क्वोक राउंडअबाउटकडे तोंड करून सरळ गवतावर बसल्या, उजवीकडच्या जागेत. मग डावीकडचं गवत थोपटून म्हणाल्या, "सुनी, इथे बस. तू म्हणजे सर."

ऑफिसचा काळा स्कर्ट घालून मी बसले. त्यांनी हात पुढे करून नसलेलं स्टिअरिंग धरलं. "आम्ही असेच बसतो. ते डावीकडे, मी उजवीकडे. गाडीत भांडण होत नाही डावं कुणाचं म्हणून. दोघांचं एकच असतं."

माझ्या तोंडून नकळत गेलं, "मिरर."

त्या हसायला लागल्या. खूप हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि मीही. केविन आणि गुरुजी दोन बाजूंना पाहत उभे राहिले. जागा ठरली.

आता त्यांच्या सणाविषयी दोन शब्द. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा छिंगमिंग येतो. आपल्या सर्वपित्रीची थोरली बहीण म्हणा. कबर झाडायची, धुवायची, उदबत्ती लावायची, जेवण मांडायचं. पितरांचं जेवून झालं असं समजून मग आपण तिथेच जेवायचं. आपल्यासारखं सुतकी वातावरण नाही, उलट सहलच. कबरीवर एकदा मॅगपाय या इथल्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याने येऊन कोंबडीचा तुकडा पळवला. घरातली मंडळी हळहळली आणि मी आनंदाने ओरडले, "पोहोचलं!" मग काउंटरवर बसून त्यांना कावळा आणि पिंड समजावून सांगावा लागला. ऐकून त्यांच्यातली आजी म्हणाली, "पक्ष्यावर अवलंबून राहता? आम्ही जाळतो. खात्रीचं असतं."

जाळायचं म्हणजे कागदाच्या वस्तू. त्यासाठी आमच्याकडे पत्र्याची एक भट्टी होती. त्यात कोट जायचे, घड्याळं जायची, चार्जरसकट मोबाइल जायचे. जे इथे कागदाचं, ते तिथे खरं होतं. पण त्या वर्षी शेजारच्या वस्तीतल्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर राख पडली. त्यांनी तक्रार केली, आणि आमचा ऑपरेशन्स मॅनेजर क्रेग याने भट्टीवर पाटी लावली. साध्या कागदापेक्षा मोठं काही जाळायचं नाही.

सर गेल्यानंतरचा तो पहिलाच छिंगमिंग. आदल्या आठवड्यात मिसेस क्वोकचा फोन आला.

"सुनी, ते स्वप्नात आले होते. बसस्टॉपवर उभे आहेत."

"कुठल्या?"

"माहीत नाही. हातात थर्मास. बस येत नाहीये."

"रविवार असेल," मी म्हटलं. आमच्याकडच्या रविवारच्या बसची वाट मीही पाहिलेली आहे.

"चेष्टा करू नकोस. आयुष्यभर गाडीत बसलेला माणूस. मी त्यांना गाडीशिवाय पाठवलं. केविनने मोठी गाडी मागवली आहे, कागदाची. ती या वेळी गेलीच पाहिजे. आणखी वर्षभर ते तिथे उभे राहणार का?"

मी जन्माने देशस्थ, शिक्षणाने इतिहासाची, आणि पाठवलेली गाडी पोहोचते यावर माझा विश्वास नव्हता. पण बसस्टॉपवर उभे असलेले सर काही डोळ्यांपुढून हलेनात. मी क्रेगकडे गेले.

क्रेग म्हणजे उंच, उन्हाने भाजलेला, शॉर्ट्समधला माणूस. मनाने चांगला, पण आगीच्या नियमांच्या बाबतीत अगदी सोवळा.

"केवढी गाडी?" त्याने विचारलं. मी हात पसरून दाखवले. "नो वे, मेट. भट्टीच्या तोंडात जाणार नाही. तुकडे करून जाळा."

"तुकडे केले तर तुकडेच पोहोचतील."

मला वाटलं तो हसेल. क्रेगला जुन्या गाड्या दुरुस्त करायचा नाद. तो गंभीरपणे विचार करायला लागला. "हं. फेअर इनफ. सुटे भाग पाठवून बिचारा काय करणार? तिथे वर्कशॉप असेल-नसेल."

खिडकीबाहेर बघून तो म्हणाला, "डिगर." डिगर म्हणजे कबरी खोदायचं मशीन, ज्याला आपल्याकडे सरसकट जेसीबी म्हणतात. त्याच्या पुढची लोखंडी बकेट चांगली बाथटबएवढी. "बकेट जमिनीपासून वर उचलून धरतो, मी पाण्याचा पाइप घेऊन शेजारी उभा राहतो. मोकळ्यावर आग नको, असा नियम आहे. बकेटमध्ये म्हणजे मोकळ्यावर नाही. पण एक अट. वारा सुटला की नाही म्हणजे नाही. रविवारी दुपारनंतर वारा आहे."

तो रविवार उजाडला. गेटबाहेरपर्यंत गाड्यांची रांग, डिक्क्यांमधून कोंबड्या, संत्री, फुलं आणि झाडू निघतायत. पिवळं जॅकेट घालून मी त्याच राउंडअबाउटवर ट्रॅफिक सांभाळत होते. समोर सरांचा फोटो दगडावरून माझ्याकडे पाहत होता. त्यांच्या पुढ्यात उभ्या मिसेस क्वोक प्रत्येक गाडीवर शेरे मारत होत्या. "इंडिकेटर दिला नाही. हा आमच्याकडे शिकलेला नाही."

कबर धुऊन झाली, जेवण मांडून झालं. क्रेग डिगर घेऊन आला आणि त्याने बकेट कंबरेइतकी उचलून धरली. त्याला मिसेस क्वोकनी आधी एक मँडरिन दिलं. केविनने खोका उघडला.

गाडी देखणी होती. चंदेरी, लांबलचक, चाकं फिरणारी. आत कागदाचा ड्रायव्हरही होता, टोपीवाला, हातमोजे घातलेला. बघ्यांमधून कौतुकाचे उद्गार निघाले. मिसेस क्वोक वाकून काचेतून आत पाहत राहिल्या. मग सरळ झाल्या.

"ही नाही चालणार."

"काय झालं?" केविन म्हणाला.

"स्टिअरिंग डावीकडे आहे."

खरंच होतं. गाडी मेनलँड चायनातून मागवलेली, तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. केविन हा हिशेबनीस माणूस, सबंध आठवडाभर त्या खोक्याच्या मागे लागलेला. तो म्हणाला, "मम, इट्स पेपर."

"कोटही कागदाचा आहे. तू त्याला तीन बाह्या ठेवल्या असत्यास का?"

"डॅड एवढे मोठे इन्स्ट्रक्टर होते. ते कुठल्याही बाजूने चालवतील!"

"ते चालवत नाहीत," मिसेस क्वोक म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात छातीशी बांधले. सर स्टॉपच्या पाटीपाशी असेच बसायचे. पुढचं बोलणं संपलं हे मला कळलं.

पलीकडचे निलगिरीचे शेंडे हलायला लागले होते. क्रेगने ओलं बोट वर धरलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. वेळ फार नव्हता. वारा सुटला की डिगर परत, गाडी परत, आणि सर आणखी वर्षभर त्या बसस्टॉपवर. केविन दूर जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते गाडीमुळे नव्हते.

मी ऑफिसात धावले. कात्री आणि गोंद घेऊन आले. त्या सतरंजीवर, कोंबडीच्या शेजारी, आम्ही गाडी दुरुस्तीला घेतली. मी अलगद टप उघडला, स्टिअरिंग सोडवलं आणि उजवीकडे चिकटवलं. आयुष्यात कधी रांगोळीचा ठिपका सरळ पडला नाही, पण हे जमलं. मिसेस क्वोक म्हणाल्या, "आता ब्रेक."

"ब्रेक आहे की उजवीकडे."

"त्यांचा ब्रेक."

गाडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी डावीकडच्या सीटपुढे एक छोटं पेडल चिकटवलं. क्रेग इतका वेळ वरून पाहत होता. तो डिगरवरून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मेट, नुसतं पेडल म्हणजे ब्रेक नव्हे. ते कशाला तरी जोडलेलं हवं." त्याने काडेपेटीतली एक काडी काढली, डावीकडच्या पेडलपासून उजवीकडच्या पेडलपर्यंत आडवी चिकटवली आणि बोटाने दाबून पाहिलं. दोन्ही पेडलं एकदम खाली गेली. "नाऊ शी'ल स्टॉप," तो म्हणाला. मिसेस क्वोकनी त्याला दुसरं मँडरिन दिलं.

केविन परत आला होता. आईची समजूत पटल्याचं पाहून त्याचाही चेहरा सैल झाला. त्याने तो टोपीवाला ड्रायव्हर उचलला आणि नीट, जपून उजवीकडच्या सीटवर बसवला. "झालं. आता डॅड मजेत डावीकडे बसतील."

मिसेस क्वोकनी हात आत घातला आणि ड्रायव्हरला बाहेर काढलं.

"मम, आता काय?"

"ती माझी सीट आहे."

डिगरचं इंजिन तेवढं घरघरत होतं.

"ते डावीकडे, मी उजवीकडे," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, कुणाला रस्ता समजावून सांगावा तशा. "आत्ता नाही, केविन. मला घाई नाही. रस्ता मोकळा झाला की मी येईन. पण तोवर त्यांना गाडीत बसून वाट बघू दे. उभं राहून नको. गुडघा दुखतो त्यांचा."

केविनने आईला जवळ घेतलं. तो त्यांच्याहून दीड वीत उंच, त्यामुळे त्या त्याच्या शर्टात नाहीशाच झाल्या. माझं काय झालं ते लिहीत नाही. पिवळ्या जॅकेटला खिसा असतो आणि त्यात रुमाल नसतो, एवढं सांगते.

थोड्या वेळाने शर्टातून आवाज आला, "आणि बाहेर काढलेल्या त्या माणसाला बसने जाऊ दे."

तो टोपीवाला ड्रायव्हर केविनने भट्टीत वेगळा पाठवला. आकाराने नियमात बसत होता.

गाडी बकेटमध्ये ठेवली. मिसेस क्वोकनी आत डावीकडे एक मँडरिन ठेवलं, सोललेलं. काडी ओढली. कागद तो, क्षणात पेटला. आधी टप, मग दारं, आणि सगळ्यांत शेवटी चाकं. क्रेगने एका हातात पाइप धरून दुसऱ्या हाताने डोक्यावरची हॅट काढली होती. इतक्यात वारा आलाच. थोडी राख बकेटमधून उठली, राउंडअबाउटवर गेली आणि तिथून गोल फिरत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे इथल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर, पलीकडच्या रस्त्याला लागली. क्रेगने लगेच पाणी सोडलं. मिसेस क्वोक राखेकडे पाहत म्हणाल्या, "इंडिकेटर दिला असणार."

नंतरच्या वर्षी क्रेगने स्वतःहून मोठ्या तोंडाची, वर जाळी असलेली भट्टी बसवून घेतली. चादरीवाल्या बाईंना मँडरिनची पेटी गेली, त्यांचीही तक्रार मिटली. मिसेस क्वोक अजून दर छिंगमिंगला स्वतः गाडी चालवत येतात. शेजारची सीट रिकामी असते आणि त्यावर थर्मास असतो, पट्टा लावलेला.

त्या रविवारी संध्याकाळी मला न्यायला मिलिंद आला होता. दिवसभर पायांवर उभी होते, तरी मीच म्हटलं, सरक, मी चालवते. तो डावीकडे बसला. नाक वर करून त्याने वास घेतला. "अंगाला धुराचा वास येतोय तुझ्या. काय होतं आज रिअल इस्टेटमध्ये?"

"एक गाडी पाठवायची होती."

अशा गोष्टी तो पुढे विचारत नाही. सेमेटरीच्या आतल्या रस्त्याने आम्ही निघालो. राउंडअबाउट जवळ आला, आणि मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मिलिंदचा उजवा पाय नेहमीप्रमाणे पुढे गेला आणि मॅटवर दाबून बसला. इतकी वर्षं मी त्याला म्हणत आले आहे, अरे, तिथे ब्रेक नाहीये, किती भित्रा आहेस.

उजवीकडून कुणी येत नव्हतं. समोरही कुणी नव्हतं. मी गाडी थांबवली. पूर्ण थांबवली.

"काय झालं?" मिलिंद म्हणाला. "रस्ता तर मोकळाय."

"काही नाही," मी म्हटलं. "तू दाबत राहा."